फळीखाली काही नव्हतं

९ जानेवारी

दादा,

साष्टांग नमस्कारापासून घरच्या सगळ्यांच्या खुशालीपर्यंतचा मायना गाळतेय. इतक्या वर्षांनी तो लिहायला बसले तर त्यातच पान संपेल आणि मुद्दा राहून जाईल. शिवाय हे घरचं पत्र नाही, कामाचं आहे. फोन केला असता, पण माझा नंबर दिसला की तू उचलत नाहीस, हे मला एकदा करून कळलं आहे.

मी जुनी खेळणी ओळखते, हे तुला कुणीतरी सांगितलं असेलच. मुलं ज्यांच्यावर बसतात ती खेळणी. डुलणारे घोडे, तीनचाकी सायकली, पायडल मारायच्या पत्र्याच्या मोटारी. लोक वस्तू आणून देतात नाहीतर फोटो पाठवतात. ती कुठल्या कारखान्याची, साधारण कधीची, खरी जुनी आहे की चहाच्या पाण्यानं जुनी केलेली आहे, ते मी सांगते. माझे स्वतःचेही इतके घोडे जमलेत की शेजारपाजारचे मला घोडेबाई म्हणतात. तोंडावर म्हणतात. पाहुण्याला बसायला माझ्याकडे धड खुर्ची नाही, पण घोडा म्हणशील तो मिळेल.

तर शहराच्या पलीकडच्या टोकाला एक बालवाडी होती, ती बंद झाली. तिथल्या बाईंनी सामान काढताना एक पायडलची मोटार माझ्याकडे पाठवली. एका हॉटेलवाल्याला ती गल्ल्याशेजारी ठेवायला हवी आहे, नवा कोरा लाल रंग मारून. देण्याआधी ही चीज नक्की काय आहे ते बाईंना जाणून घ्यायचंय. टेम्पोवाल्यानं गाडी दारात उतरवली, मी पाहिली आणि भिंग घेऊन तिच्यापुढे बसले.

बॉनेटची कड हातानं दुमडलेली, जाळीला गोल डोक्याचे रिव्हेट. उजवा दिवा मूळचा, आणि डाव्या दिव्याच्या जागी कसल्यातरी डब्याचं झाकण ठोकलेलं. बाबांनी ठोकलं होतं तसं.

मी बाईंना फोन करून खरं ते सांगितलं, की ही आमची असू शकते. त्या म्हणाल्या, "मग खूण पटवा आणि घेऊन टाका की! माझं काही म्हणणं नाही. नाही पटली तर महिनाअखेर हॉटेलवाल्याला देते, तो रोज फोन करून डोकं खातोय." म्हणून तुला विचारतेय. आई-बाबा गेले. त्या गाडीचा साक्षीदार आता तूच उरलास.

दोनच प्रश्न आहेत. आपल्या गाडीचा रंग कुठला होता? आणि तिच्यावर कुठे काही खूण होती का? मी काहीही सुचवणार नाही. समोरच्याच्या तोंडात आपले शब्द घालायचे नाहीत, हा या कामातला पहिला नियम. फोटो सोबत आहे, पण मुद्दाम लांबून काढलाय.

एक गोष्ट जुळत नाही, तीही लिहून टाकते. ही गाडी जड आहे. फार जड. दांडे वंगण घालून मोकळे केले, चाकं फिरवून घेतली, तरी पायडलवर जोर दिल्याशिवाय जागची हलत नाही. आपली हलकी होती. मला पक्कं आठवतंय, नुसती बसले की पळायची. चढावरसुद्धा.

आणि हो, आपली गाडी भंगारात गेली, हे तूच मला ऐकवलं होतंस. विसरले नाही. पण भंगारातून वस्तू परत येतात. माझा निम्मा संग्रह भंगारातूनच आलाय.

होय की नाही, एवढं लिहिलंस तरी पुरे.

तुझी बहीण


२३ जानेवारी

दादा,

तुझं उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती, तरी रोज पोस्टमनच्या सायकलकडे कान असतो, हे सांगून टाकते. हे पत्र मी पाठवणार नाही, त्यामुळे सांगायला काय जातंय!

माझा रंगारी येऊन गेला. जुन्या रंगांचे थर सोलण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही, पण बोलायला लागला की डोकं फिरवतो. मी म्हटलं, बालवाडीच्या लाल रंगाखाली काय आहे ते बघ. त्यानं दरवाजाची एक कड घासली आणि म्हणाला, "हिरवा." आपली गाडी निळी होती. मी डोळे मिटून सांगेन, निळी. आई गेल्यावर तिच्या खोलीत सामान आवरताना भांडलो, त्या दिवशी तू मात्र हिरवी म्हणाला होतास. "हिरवी होती, माझी होती, मी भंगारात दिली," या क्रमानं. मी रंगाऱ्याला म्हटलं, अजून एकीकडे घास. त्यानं दिव्याची खोबण घासली आणि म्हणाला, "निळा."

"अरे, हिरवा की निळा?"

"निळाच आहे बाई. वर वॉर्निश आहे ना, ते पिवळं पडलंय. जाड बसलंय तिथं हिरवा दिसतो, उडालंय तिथं निळा."

"म्हणजे गाडी कुठल्या रंगाची धरायची?"

"ते तुम्ही कुठल्या बाजूला उभ्या होता त्यावर आहे," असं म्हणून तो चहा प्यायला लागला. आता या माणसाला काय म्हणावं?

तरी मी खूश झाले. उगाच झाले. मग पायडलं पाहिली. दोन्हींना दोन-दोन भोकं आहेत, मागाहून पाडलेली. छोट्या मुलाचे पाय पोचत नाहीत म्हणून पायडलला लाकडी ठोकळे बसवतात, त्याची ही भोकं. बाबांनी तसे ठोकळे बसवले होते, पण ते कुठलाही बाप बसवेल. मी दर महिन्याला अशी भोकं बघते. भोकांवरून बाप ओळखता येत नाही.

मग आज दुपारी मी बसायची फळी काढली. स्क्रू गंजले होते, तेल सोडून वाट बघावी लागली. फळी उलटी केली. खाली खिळ्यानं कोरलेल्या दोन ओळी.

मी चालवतो
मी ढकलतो

बस, एवढंच. पोराचं अक्षर, मोठं, वेडंवाकडं, पण वाचायला स्वच्छ. मी ते तीन-चारदा वाचलं. भिंग लावून वाचलं, जसं काही भिंगातून दुसरं काही दिसणार होतं. चालवतो, ढकलतो. एकही "ते" नाही. त-ला एकेक काना जास्त आणि माझं अख्खं बालपण बाद.

दोन भाऊ होते. एक चालवणारा, एक ढकलणारा. कुठल्यातरी दुसऱ्या घरातले दोन मुलगे, त्यांच्याही बापानं दिव्याला डब्याचं झाकण ठोकलेलं आणि पायडलला ठोकळे बसवलेले. आपण भाऊ-बहीण. आपली असती तर एका ओळीत तरी मी असते.

मी असल्या गोष्टींवर रडत नाही. गिऱ्हाईक आपल्या आजोबांचा म्हणून घोडा घेऊन येतं आणि मी सांगते, हा आजोबांच्या नातवाच्या वयाचा आहे. त्यांचं तोंड उतरलेलं बघायची सवय आहे मला. आज माझं उतरलं. आरशात नाही पाहिलं, रंगाऱ्याच्या तोंडावर दिसलं. तो जाताना म्हणाला, "बाई, एवढी जुळतेय गाडी, एका ओळीसाठी कशाला सोडता?" मी म्हटलं, दुसऱ्यांना मी एका रिव्हेटसाठी सोडायला लावते.

महिनाअखेर हॉटेलवाल्याला गाडी जाऊ दे. विषय संपला. हे पत्र घोड्याच्या खोगिराखाली ठेवतेय.


१ फेब्रुवारी

दादा,

काल तुझं कार्ड आलं. आधी मला वाटलं गॅसवाल्याचं आहे.

"आपली नाही. आपल्या गाडीच्या फळीखाली काही लिहिलेलं नव्हतं."

ना मायना, ना सही. ठीक आहे. मीही मायना गाळलाच होता. नाही म्हणालास, तेही ठीक, मी आधीच नाही ठरवलं होतं. कार्ड टेबलावर ठेवलं, चहा टाकला आणि चहा उतू गेला. कारण तेवढ्यात माझ्या डोक्यात उजेड पडला. उजेड म्हणण्यापेक्षा अंधार पडला म्हण, कारण तेव्हापासून मला काहीच कळेनासं झालंय.

तुला फळी कुणी सांगितली?

माझ्या पत्राची नक्कल माझ्याकडे आहे. मी "कुठे काही खूण होती का" एवढंच विचारलं होतं. फळीचं नाव काढलेलं नाही. फळीबद्दल लिहिलेलं पत्र खोगिराखाली आहे, ते मी पाठवलंच नाही. आत्ताही उठून बघून आले, आहे तिथेच. मग जिथे काही लिहिलेलं नव्हतं ती नेमकी फळीखालचीच जागा तुला कशी आठवली? चाकावर काही नव्हतं, बॉनेटवर काही नव्हतं, असं का नाही लिहिलंस?

मग मी कार्ड पुन्हा हातात घेतलं आणि अक्षर पाहिलं. दादा, तू अजूनही आधी रेघ ओढतोस! सगळी माणसं शब्द लिहितात आणि मग त्याच्यावर रेघ देतात. तू आधी या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांब रेघ ओढायचास आणि मग तिच्यावर अक्षरं वाळत घालायचास. गुरुजींनी त्यापायी तुझे कान किती वेळा पिळले! कार्डावर तीच रेघ आहे, अक्षरं संपली तरी पुढे बोटभर रिकामी गेलेली. मी फळी आणली. मी चालवतो. वर एक सलग रेघ, शेवटच्या त-च्या पुढे बोटभर रिकामी. मी ढकलतो. तीच गत.

तेव्हा तुझ्या "नाही"ला आता काही अर्थ नाही. गाडी आपली आहे. ते कोरलंय तू. हे मी कुठल्याही गिऱ्हाइकाला लिहून द्यायला तयार आहे.

पण आता पुढचं सांग. एकाच हातानं दोन ओळी, आणि दोन्हीत "मी". एकटा पोरगा गाडी चालवतोही आणि तीच गाडी ढकलतोही, हे कसं? बसला तर ढकलणार कोण? उतरला तर चालवणार कोण? मी खरंच अंगणात जाऊन गाडीच्या मागेपुढे फिरून पाहिलं. समोरच्या गॅलरीतून दोघी जणी बघत होत्या.

की तू मनातल्या मनात एक भाऊ धरला होतास? हे मी हसत लिहीत नाहीये. तुला भाऊ हवा होता, हे आई सांगायची. मी झाले तेव्हा तू दवाखान्यातच "ही परत द्या" म्हणालास, हे तर तिनं येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना सांगितलंय. मग काय, एक खोटा भाऊ केलास आणि त्याच्याबरोबर खेळलास? आणि मी? मी कुठे होते? तू मला शेपूट म्हणायचास, कारण तू जाशील तिथे मी मागे. फळीखाली का नाही शेपूट?

गाडी मिळाली म्हणून मला आनंद व्हायला हवा. झालाय असं म्हणता येत नाही. ती आपली नव्हती तेव्हा मला फक्त वाईट वाटत होतं. आता ती आपली आहे आणि तिच्यात मी नाही.

अजून एक. हॉटेलवाल्याला थोडं थांबवा, हे सांगायला बालवाडीच्या बाईंकडे गेले होते. त्यांना विचारलं, ही गाडी तुमच्याकडे आली कशी? त्या म्हणाल्या, "अहो, एक गृहस्थ घेऊन आले होते. उंच होते. नाही, उंच नसावेत, आमच्या खुर्च्या बुटक्या ना, त्यामुळे सगळेच उंच दिसतात. चष्मा होता. का टोपी होती? काहीतरी होतं बघा." भंगारवाला होता का, विचारलं. म्हणाल्या, "छे! भंगारवाला असता तर बसला कशाला असता? हे पोरांच्या खुर्चीवर गुडघे वर करून बसून राहिले. पोरं गाडीवर बसली, भांडली, उतरली, तरी हे बसलेलेच. जाताना म्हणाले, वरून कसलाही रंग मारा, खालून नका मारू."

तो तूच होतास का? मग मला भंगार का म्हणालास? भंगार म्हणालास म्हणून तर मी आईच्या खोलीतून तशीच चपला हातात घेऊन निघाले. बालवाडी म्हणाला असतास तर कदाचित थांबले असते. की असते? माझं मलाच सांगता येत नाही.

या पत्राला कार्ड नको. नीट पत्र लिही.

तुझी बहीण


७ फेब्रुवारी

दादा,

हे पत्र तुझ्याआधी वहिनींच्या हातात पडेल. पडू दे. त्यांना सगळं माहीत आहे, कारण सगळं त्यांनीच सांगितलंय.

काल सकाळी त्यांचा फोन आला. आधी मला ओळखूच आल्या नाहीत, इतक्या हळू बोलत होत्या. म्हणाल्या, "वन्सं, मी गच्चीवर आलेय कपडे वाळत घालायला, पटकन बोलते. यांना माझ्यासमोर हसू आवरत नाहीये आणि तुमचं पत्र वाचून माझ्या डोळ्यांना पाणी. एकाच पत्राला असं दोन तऱ्हेचं कसं होतं, मला कळेना, म्हणून फोन केला."

मी म्हटलं, हसतोय कशाला? माझ्या जिवाची घालमेल आणि त्याला हसू येतंय?

"अहो, खोटा भाऊ म्हणता ना तुम्ही! यांना तेवढ्याचं हसू. म्हणाले, शेपटीला स्वतःचं बोलणं आठवत नाही."

"कसलं बोलणं?"

"तुम्ही लहानपणी येतो-जातो करायचात म्हणे. मी येतो, मी जातो, मी जेवलो, मी पडलो. सगळं यांचं ऐकून. आजूबाजूला सगळे मुलगेच, दिवसभर यांच्या मागे, मग दुसरं ऐकणार काय? आमच्या लग्नापासून ऐकतेय मी हे. कुणी घरातून निघालं की हे अजून म्हणतात, 'शेपूट म्हणाली मी येतो.' तुमच्यावरून चिडवतात मला. तुम्हाला खरंच आठवत नाही?"

नाही आठवत. दादा, मला खरंच एक अक्षर आठवत नाही. वहिनी पुढे सांगत होत्या, की शाळेच्या पहिल्याच दिवशी बाईंनी सगळ्या वर्गासमोर विचारलं, तू मुलगा की मुलगी? आणि मी घरी येऊन दप्तर फेकलं आणि तुला म्हणाले, "तू मला चुकीचं शिकवलंस!" आणि दिवसभर तुझ्याशी बोलले नाही. "यांचं म्हणणं, तुमचा न बोलण्याचा रोग तेव्हाचा," वहिनी म्हणाल्या. मी म्हटलं, सांगा त्याला, हा रोग एकट्याला होत नाही.

फोन ठेवला आणि फळी पुढ्यात घेऊन बसले.

लोकांच्या गाड्या मी कशा ओळखते, सांगू? ती नवी असताना तिच्याशी कोण कसं वागलं, ते तिच्याकडून काढून घेते. जिथे हात लागतो तिथला रंग जातो, जिथे लागत नाही तिथला राहतो. लबाड लोक गाडी जुनी करताना सगळीकडे सारखी घासतात, तिथे ते सापडतात. हे मी दुसऱ्यांच्या शंभर गाड्यांवर केलं आणि आपल्या गाडीवर करायला विसरले. एक काना बघून हातपाय गाळले.

आता क्रमानं सांगते, चुकलं तर सुधार. मला तेव्हा लिहिता येत नव्हतं. तू शाळेत जात होतास. म्हणून दोन्ही ओळी तुझ्या हातच्या. मी बोलले ते तू जसंच्या तसं कोरलंस, दुरुस्त केलं नाहीस. मग तुझं स्वतःचं त्याखाली. एक "मी" मी आणि एक "मी" तू.

आता कुठला कोणाचा? हे मात्र मला फळी सांगेना. म्हणून मी पायडलला ठोकळे लावून पाहिले. तुझ्या त्या वेळच्या उंचीचं शेजारचं एक पोर बसवलं. ठोकळे असताना त्याचे गुडघे थेट स्टिअरिंगला लागले, त्याला पाय हलवताच येईनात. "आजी, ही बाळाची गाडी आहे," म्हणून ते उतरून गेलं. ठोकळे असलेली गाडी तुला चालवताच आली नसती. मग मी गाडीची मागची बाजू पाहिली, जी आधी पाहिलीच नव्हती, कारण कारखान्याचं नाव असलंच तर पुढे असतं. मागच्या कडेवरचा लाल रंग खरवडला, तर खाली दोन ठिकाणी निळा पार पत्र्यापर्यंत गेलेला. एक डावीकडे, एक उजवीकडे. मधे साबूत. मी तिथे हात ठेवले. वाकावं लागलं, पण बरोबर बसले.

दादा, आपली गाडी हलकी नव्हती. ती नुसती बसल्यावर पळायची, चढावरसुद्धा पळायची, असं मी इतकी वर्षं शपथेवर सांगत आले. मागे वळून बघायचं कधी सुचलंच नाही. गाडीत बसलेल्याला पुढचंच दिसतं.

आता मला राग आलाय, आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही. तू त्या दिवशी आईच्या खोलीत "माझी होती" का म्हणालास? तुझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, कोण चालवतो आणि कोण ढकलतो. की ढकलणाऱ्याचीही असते गाडी? असते बहुतेक. निम्मी-निम्मी म्हणावं तर तू ती मला न विचारता देऊन आलास, आणि मला आवडेल अशाच ठिकाणी देऊन आलास, आणि सांगितलंस भंगार! तुझ्यासारखा हटवादी माणूस मी फक्त आरशात पाहिलाय.

आणि त्याहून मोठं कोडं म्हणजे कार्ड. सगळं ठाऊक असताना "आपली नाही" का लिहिलंस? हे मी वहिनींना विचारलं नाही, कारण तेवढ्यात तू जिन्यात आलास बहुधा, त्या घाईनं "हो हो, साबण आणते" म्हणून फोन ठेवून गेल्या.

बालवाडीच्या बाईंना कळवलंय, खूण पटली. हॉटेलवाल्याला एक बिनओळखीची तीनचाकी दिली, तो खूश आहे.

शेपूट


१० फेब्रुवारी

दादा,

हे शेवटचं. आज वहिनींचा पुन्हा फोन आला. या वेळी गच्चीवरून नव्हता, तू खाली दाढीला गेला होतास.

मी थेट विचारलं, तो कार्डावर खोटं का लिहितो? त्या म्हणाल्या, "मीही तेच विचारलं. मी म्हटलं, अहो, बहिणीनं इतक्या वर्षांनी आपणहून पत्र घातलं, तिला हो म्हणायला तुमचं काय जातं? तर म्हणाले, 'हो म्हटलं की तिचं काम झालं. गाडी घेईल आणि गप्प बसेल. नाही म्हटलं तर भांडेल. कार्डावर भांडून तिचं पोट भरत नाही. ती येईल.'"

मी म्हटलं, आणि फळी?

"ते मुद्दाम घातलंय. म्हणाले, शेपूट आहे ती, पकडेल. नाही पकडलं तर घोडेबाई कसली!" मग म्हणाल्या, "वन्सं, मी सांगितलं म्हणू नका. पण कार्ड टाकल्यापासून दाराची कडी वाजली की हे आधी उठतात. गुडघे धड चालत नाहीत, तरी माझ्याआधी. दूधवाला झालाय त्यापायी हैराण. रोज हे दार उघडतात आणि त्याला बघून रोज यांचं तोंड पडतं."

वहिनी, तुम्ही हे वाचत असाल तर माफ करा, तुमचं नाव सांगून टाकलं. याला कळायला हवं, की मला कळलंय.

दादा, तू मला अजूनही पायडल न मारता पळवतोस. मी पुन्हा एकदा समजत होते की हे सगळं मी शोधलं, मी ओळखलं, गाडी माझी मीच चालवली. मागे बघितलं तर तू वाकलेला.

आता नीट ऐक. गाडी टेम्पोनं येतेय, रंगाऱ्यानं वरचा लाल रंग तेवढा उतरवलाय, वॉर्निश तसंच ठेवलंय, नवा रंग कसलाही मारलेला नाही. निळी दिसते की हिरवी ते तूच दारात उभा राहून ठरव. आपण त्यावरून भांडूच. तुझ्या नातीला तिच्यावर बसवू. मला तिच्याबद्दल दुसऱ्यांकडून कळलं, तेही भांडणात येईल. ठोकळे मी नवे करून घेतलेत. तुझे गुडघे गेलेत, त्यामुळे या खेपेला ढकलायचं कोणी ते ठरलेलंच आहे.

फळी टेम्पोत दिलेली नाही. ती माझ्या मांडीवर असेल. तिसऱ्या ओळीला खाली जागा आहे, खिळा तू काढून ठेव. रेघ तूच ओढ. मला अजून तशी सरळ जमत नाही.

दूधवाल्याला सांग, शनिवारी जरा उशिरा ये. कडी वाजली की घाईनं उठू नकोस, पडशील. मी थांबते दारात.

बाकी सगळं तोंडावर. दादा, मी येतो.

शेपूट